हापशापर्यंतची चूळ

दाताच्या दवाखान्यात तुमचं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगायची, लोकांना चूळ भरायला लावते. ऐकणारा हसायचा. पण नव्वदनंतरच्या त्या चार-पाच वर्षांत माझं मुख्य काम तेच होतं. बाकी हत्यारं धुणं, उकळणं, कापूस कापून ठेवणं, पेशंटच्या तोंडात नळी धरणं हेही होतं. ते कुणीही केलं असतं. चुळीची जबाबदारी मात्र माझ्या एकटीवर होती.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं, वैनगंगेच्या काठावरचं. गावात सातवीपर्यंत शाळा होती. आठवीला नाव घालायचं तर नदी ओलांडून जावं लागायचं, आणि मुलीला रोज नावेत बसवायला घरचे तयार नव्हते. लग्न झालं, नवऱ्याला बारामतीच्या एमआयडीसीत फिटरचं काम लागलं, आणि आम्ही जळोचीला एक खोली घेऊन राहिलो. माहेरी जायचं तर पुण्याला जाऊन आगगाडी पकडायची, ती नागपूरला सोडणार, तिथून पुढे परत गाडी. दोन वर्षांतून एकदा जमायचं. इकडे तोंड उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तुमी कुठल्या वो? बोलनं येगळंच हाय तुमचं." मी "करून राहिले" म्हटलं की भाजीवाली शेजारणीला ते तसंच म्हणून दाखवायची. म्हणून मी कमी बोलायची.

दवाखान्यात आले ती माझी स्वतःची दाढ काढायला. डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या आतबाहेर. सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत, मी मॅडम म्हणायला लागले. दाढ निघाल्यावर मी ज्या भांड्यात थुंकले होते ते उचललं, नळाखाली घासलं आणि पालथं घालून ठेवलं. आपलं रक्त दुसऱ्यानं धुवावं हे मला बरं वाटेना. तोंडात कापसाचा बोळा होता, त्यामुळे काही बोलताही येईना. मॅडम बघत होत्या. त्या म्हणाल्या, "काम करशील का इथे?" मी मान हलवली. किती शिकलीस हे त्यांनी पुढे सहा महिने विचारलंच नाही. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

चुळीचा नियम मी लागल्यानंतर वर्षभराने आला. मॅडमच्या बरोबर शिकलेल्या एका डॉक्टरांना पेशंटकडून कावीळ झाली आणि ते सहा महिने अंथरुणाला खिळले. त्यांना भेटून आल्यावर मॅडम दोन दिवस त्याच विषयावर शोधून वाचत होत्या. मग कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की दातावर मशीन लावण्याआधी पेशंटला औषधाच्या पाण्याने चूळ भरायला लावली तर तोंडातून उडणाऱ्या फवाऱ्यातले जंतू कमी होतात. त्यांनी मला खिडकीतल्या उन्हात उभं केलं आणि मशीन नुसतं पाण्यावर चालू करून दाखवलं. बारीक धुकं उडालं. "हे आपण दोघी रोज नाकातोंडात घेतोय," त्या म्हणाल्या. "आजपासून एक मिनिट चूळ भरल्याशिवाय कुणी खुर्चीत बसायचं नाही. मिनिट म्हणजे मिनिट. ते तू बघायचं."

औषध गुलाबी होतं. चव आधी गोड, मागून कडू. बारामतीत भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा लाल काटा एक फेरी मारेपर्यंत पेशंटला समोर बसवायचं. बाजाराच्या दिवशी आम्ही एसटीने इंदापूरला जायचो, तिथे बियाण्याच्या दुकानामागे दोन खोल्या भाड्याने होत्या. घड्याळ नव्हतं. पुढे अंगण, अंगणाच्या टोकाला हापसा. मॅडमनी स्वतः तोंडात पाणी धरून बाकड्यापासून हापशापर्यंत आणि परत अशा तीन फेऱ्या मारल्या आणि मनगटावरचं घड्याळ बघून सांगितलं, सावकाश चाललं तर एका फेरीला बरोबर मिनिट होतं. तेव्हापासून इंदापुरात चूळ हापशापर्यंतची झाली. गाल फुगवून माणसं अंगणातून जायची-यायची. अंगणाला भिंत नव्हती, पलीकडे बाजाराची वाट, आणि वाटेवरून जाणारे चिडवायचे.

"काय पाव्हणं, आज गप गप? मालकिणीनं तोंड शिवलं का?"

"अवो, लाडू हाय तोंडात. एकटाच खातुया बघा."

एकदा एका पैलवान गड्याला असं हसू फुटलं की सगळं गुलाबी पाणी त्याच्याच पांढऱ्या सदऱ्यावर. त्याला मी परत भरायला लावली. मिश्री लावणाऱ्या बायका थुंकायच्या तेव्हा गुलाबी पाणी काळं होऊन पडायचं आणि त्या पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "बाई बाई, येवढी घान व्हती व्हय?" मला हे काम आवडायचं. एका मिनिटापुरतं का होईना, सगळे मी सांगेन तसं चालायचे.

अडचण एकच होती, आणि ती इथलीच होती. या भागात तांब्या ओठाला लावून कुणी पाणी पीत नाही. मान मागे टाकायची, तांब्या वर धरायचा आणि धार सरळ घशात सोडायची. भांडं उष्टं होत नाही. आमच्याकडे आम्ही ओठ लावून प्यायचो, त्यामुळे हे माझ्या आधी लक्षातच आलं नाही. मी स्टीलच्या छोट्या वाटीत औषध मोजून द्यायची आणि माणसं ती वर धरून घशात रिकामी करायची. पहिल्या महिन्यात निम्मे पेशंट चूळ भरण्याऐवजी पिऊनच मोकळे झाले. घोटभराने काही बिघडत नाही असं मॅडम म्हणाल्या, पण चूळ वाया. मग मी वाटी बंद केली आणि औषध त्यांच्या ओंजळीत ओतायला लागले. ओंजळीतून वरून पिता येत नाही, तोंड खाली न्यावंच लागतं. ही युक्ती माझी. मॅडमनी ती बारामतीतही चालू केली.

आता त्या दिवसाचं सांगते. दिवाळीच्या आधीचा बाजार होता, गर्दी खूप. सकाळी एसटी पकडायच्या घाईत औषधाची दुसरी बाटली मी बारामतीच्या फळीवर विसरले. हे मला इंदापुरात पिशवी उघडल्यावर कळलं. मी मॅडमना सांगितलं नाही. वाटलं, असलेल्या बाटलीत भागेल.

दुपारपर्यंत बाटलीत एका माणसापुरतं औषध उरलं. तेव्हा निरवांगीचे एक आबा आले, बरोबर त्यांची सून. आबा सत्तरीचे असतील. तरुणपणी मेंढरं घेऊन पार घाटाखाली जाऊन आलेले, आता मुलाच्या उसाला पाणी धरायचे. दातांवर किटण जाड बसलं होतं, हिरड्या सुजलेल्या. मॅडम त्या दिवशी मशीनने एक बाजू साफ करणार होत्या.

मी म्हटलं, "आबा, ओंजळ करा."

त्यांनी हात बघितले. "हात घान हायती, पोरी. औषीद असल्या हातावर घेत्यात व्हय? वाटीतच दे."

हात धुवायला हापशावर पाठवायला हवं होतं. माझं लक्ष बाकड्यावरच्या चार माणसांकडे होतं, त्यांना काय देऊ याच्याकडे. मी वाटी दिली. आबांनी मान मागे टाकली, वाटी वर धरली, घसा एकदा हलला.

"ग्वाड हाय की जरा."

"आबा, ते थुंकायचं होतं!"

"औषीद थुकत्यात व्हय?" त्यांना खरंच नवल वाटलं.

सून म्हणाली, "मामंजी, ते तोंडात धरून हापशापातुर जायाचं हुतं. सगळी चालल्याली दिसत न्हाईत का?"

"मग जातो की. त्यात काय येवढं?" असं म्हणून आबा उठले आणि रिकाम्या तोंडाने, हात मागे बांधून, सावकाश हापशापर्यंत जाऊन आले. सांगितलेलं काम राहू नये म्हणून.

मॅडमनी खिडकीतून ती फेरी बघितली. मला विचारलं, "झाली?"

मी म्हणाले, "झाली."

मशीन चालू झालं. हिरड्यांतून रक्त येत होतं. मी नळी धरून वाकले होते, तेव्हा एक थेंब माझ्या उजव्या डोळ्यात उडाला. मॅडमना चष्मा होता, मला नव्हता. मी पदराने डोळा पुसला. त्यांनी मान न वळवता विचारलं, "डोळ्यात गेलं का?" मी नाही म्हणाले. हो म्हटलं असतं तर डोळा धुवायला जावं लागलं असतं, मग पुढचं विचारणं आलं असतं. आबा गेल्यावर मी बाटली संपल्याचं सांगितलं. मॅडमच्या कपाळाला आठी पडली. उरलेल्या चौघांना त्यांनी नुसतं तपासून पुढच्या बाजारी बोलावलं. म्हणजे बाटलीचं बोलणं तेवढ्यावरच मिटलं होतं. आबांचं मी तेव्हाही सांगू शकले असते.

तीन आठवड्यांनी सून एकटीच आली.

"मामंजी न्हाय यायचं सध्या. पिवळं पडल्यात. डोळं, नखं, समदंच. कावीळ हाय म्हनत्यात."

"रक्त तपासलं?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय. गावात एक जन माळ घालतो काविळीची, ती घातलीया गळ्यात. माळ लांबली की उतरली म्हनायची."

मॅडमनी चिठ्ठी लिहिली आणि वालचंदनगरला लॅबमध्ये रक्त द्यायला सांगितलं. सून गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "त्यांची चूळ झाली होती ना?"

"हो," मी म्हणाले.

परतीच्या एसटीत त्यांनी मला काविळीचं समजावलं. एक दूषित पाण्यातून येते, माणसाला महिनाभर लोळवते आणि जाते. दुसरी रक्तातून येते. ती लागली तर कधी कधी अंगात घर करून राहते, नवऱ्याला लागते, मुलांना लागते. ती होऊ नये म्हणून त्यांनी स्वतः तीन इंजेक्शनं घेतलेली होती. "तुला द्यायची राहूनच गेली," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "चूक माझी. त्यांची चूळ झाली होती, तेवढं तरी बरं."

वाटेत जंक्शन नावाच्या गावाला एसटी थांबली, पेरूवाले चढले, उतरले. मला बोलायला तेवढा वेळ होता. मी पेरू घेतले.

घरी माझी मुलगी होती, अडीच वर्षांची. माझ्याच पेल्यातून पाणी प्यायची, माझ्याच ताटातला घास लागायचा तिला. त्या दिवसापासून मी माझं ताट वेगळं केलं. पेला वेगळा ठेवला तरी ती तो शोधून काढायची, म्हणून मी तांब्या वर धरून प्यायला लागले, इथल्यासारखं. सवय नव्हती. नाकात पाणी जायचं, पोलकं भिजायचं. मुलगी टाळ्या वाजवायची आणि स्वतःची वाटी डोक्यावर धरून अंग भिजवून घ्यायची.

नवरा म्हणाला, "काऊन वो, वरून काऊन पिऊन राहिली? इथली होऊन गेली का पुरी?"

मी म्हटलं, बरं असते असं पिणं. त्याला सांगितलं असतं तर तो आधी घाबरला असता आणि मग दवाखाना बंद कर म्हणाला असता. दवाखाना सुटला तर मी काय करणार होते ते मला ठाऊक नव्हतं. सातवी पास बाईला दुसरीकडे कोण मशीनची नळी हातात देणार होतं? आणि नाही सांगितलं, तर मुलीला काही झालं तर? हे दोन विचार पाच दिवस आळीपाळीने येत राहिले. आरशात डोळ्याचा पांढरा भाग बघायचा मला नाद लागला. उन्हात बघितला तर पिवळा वाटायचा, सावलीत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी बारामतीला हत्यारं उकळत ठेवली होती. पेशंट यायचे होते. मॅडम फ्रीजमध्ये काहीतरी ठेवत होत्या.

"मॅडम, आबांची चूळ झाली नव्हती. त्यांनी ते पिऊन टाकलं. हापशापर्यंत ते नुसतेच गेले. आणि माझ्या डोळ्यात उडालं होतं."

त्यांनी फ्रीजचं दार लावलं. "कोणत्या?"

"उजव्या."

त्यांनी टॉर्च घेतला, माझी पापणी खाली ओढली आणि डोळा तपासला. तीन आठवड्यांनी तिथे काय दिसणार, हे त्यांनाही माहीत असणार. तरी त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"दुसरी बाटली मी विसरले होते."

"बाटलीसाठी?"

मी उकळत्या हत्यारांवरचं झाकण सारखं केलं.

"ऐक," त्या म्हणाल्या. "चूळ झाली असती तरी मी तुला हे इंजेक्शन देणारच होते. परवाच पुण्याहून मागवलं, आज आलंय. त्या पाण्याने जंतू कमी होतात, संपत नाहीत. काही विषाणूंवर ते चालतं, काहींवर फारसं चालत नाही, आणि कशावर किती हे मलाही पुरतं माहीत नाही. ते पाणी म्हणजे काही चिलखत नाही. पण डोळ्यात उडालं हे मला त्याच मिनिटाला कळायला हवं होतं. तेव्हाच डोळा धुतला असता, दुसऱ्या दिवशी इंजेक्शन दिलं असतं. आता उशीर झालाय का, हे आबांचं रक्त सांगेल."

बाही वर करून मी दंड पुढे केला. सुई बाहेर आल्यावर विचारलं, "आणि कामाचं?"

"काय कामाचं?"

"उद्या येऊ का?"

"उद्या बाजार आहे," त्या म्हणाल्या. "बाटल्या दोन घे."

दुसऱ्या दिवशी सून परत इंदापुरात आली, तिची तक्रार वेगळीच. आबा रक्त द्यायला तयार नव्हते. दुखणं दाताचं, पिवळेपणा डोळ्याचा, आणि सुई हाताला कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. मॅडमनी मला बोलावलं. "तू जा हिच्याबरोबर. चूक आपल्याकडची आहे, आपणच सांगायला हवं."

निरवांगीला आम्ही टेम्पोने गेलो. आबा गोठ्याच्या सावलीला बाजेवर पडून होते, गळ्यात काड्यांची बारीक माळ. मला बघून उठून बसले.

"आली का चूळवाली? आता हितं कुठं हापसा न्हाय बघ, हीर हाय. लांब पडंल."

मी म्हटलं, "आबा, रक्त तुमच्यासाठी नको. माझ्यासाठी पाहिजे."

मग मी त्यांना सगळं सांगितलं, थेंबाचं, बाटलीचं, खोटं बोलल्याचं. इतकं लांबलचक मी या भागात आल्यापासून कुणाशी बोलले नव्हते. घाबरल्यावर माझं माहेरचं बोलणं बाहेर येतं, तसं ते आलं. कुणी हसलं नाही.

आबांनी विचारलं, "म्हंजी म्या पिलो म्हून?"

"नाही. मी सांगितलं नाही म्हणून."

ते थोडा वेळ माळेशी बोटं खेळवत राहिले. "ल्येकरं किती तुला?"

"एक मुलगी."

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय? आता माज्यापाय तिला कशाला?" त्यांनी पायात वहाणा घातल्या. सुनेला म्हणाले, "चल गं. पर माळ काढनार न्हाय मी. लॅबवाल्याला सांगून ठिव."

लॅबमध्ये त्यांनी हात पुढे केला आणि तोंड दुसरीकडे वळवलं. सुई टोचताना मला म्हणाले, "हे तर थुकायचं न्हाय न्हवं?"

रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी कामावर गेले, चुळी भरून घेतल्या, बाटल्या मोजून पिशवीत ठेवल्या. सांगण्यासारखं दुसरं काही झालं नाही. मॅडम रोज आल्या-आल्या माझ्या डोळ्यांकडे एकदा बघायच्या आणि मग हात धुवायच्या.

रिपोर्ट सुनेनेच आणून दिला. मॅडमनी पाकीट उभ्यानेच फोडलं. "पाण्याची आहे," त्या म्हणाल्या. "रक्तातली नाही. पाण्याची." मी पेशंटच्या बाकड्यावर बसले. सूनबाई विचारत होती, मग माळ ठेवायची का काढायची, आणि मॅडम तिला पाणी उकळून प्यायचं कसं ते सांगत होत्या.

त्या दिवशी घरी जाऊन मी पेला ओठाला लावून पाणी प्याले आणि अर्धा मुलीला दिला. तिने तो दोन्ही हातांनी वर धरला, मान मागे टाकली आणि गळ्यापासून पोटापर्यंत भिजली. तिची ती सवय पुढे गेलीच नाही. माझी उरलेली दोन इंजेक्शनं मॅडमनी ठरल्या दिवशी दिली, शेवटचं तर मी स्वतःच विसरले होते.

आबा संक्रांतीनंतर आले, उरलेली बाजू साफ करून घ्यायला. अंगाने उतरले होते, पण डोळे पांढरे होते. मी बोलायच्या आत ते हापशावर जाऊन हात धुऊन आले आणि ओंजळ पुढे केली. मी ओतलं. त्यांनी तोंड खाली नेऊन सगळं आत घेतलं, गाल फुगवले आणि निघाले. वाटेवरून कुणीतरी ओरडलं, "आबा, बोला की!" आबांनी बोटाने गालाकडे दाखवलं आणि चाल मोडली नाही. मी त्यांच्या शेजारून चालत गेले, हापशापर्यंत आणि परत.

मॅडम दारात आल्या. "झाली?"

मी आबांकडे वळले. आबा मोरीपाशी वाकले, गुलाबी पाणी थुंकले, आणि तोंड पुसून त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग मी म्हणाले, "झाली."